आधी पत्ता, मग खोली: नागपुरात बाहेरून आलेल्या कुटुंबांना परवडणारं घर मिळवून देताना

छत्तीसगड, बालाघाट, शिवनी, छिंदवाडा, उत्तर प्रदेश, बिहार इथून कामासाठी आलेली कुटुंबं नागपुरात पहिल्यांदा टेकतात ती ओळखीच्या माणसाकडे. पुढे कळमना, पारडी, वाडी, हिंगणा, बुटीबोरीच्या आसपास कुठेतरी खोली मिळते. मालक तोंडी हो म्हणतो, पैसे रोख घेतो, पावती देत नाही. दोन वर्षांनी त्या कुटुंबाकडे आपण इथे राहिलो याचा एकही कागद नसतो. राशन अडतं, बँक अडते, आणि मालकाने उद्या निघा म्हटलं की सामान रस्त्यावर येतं.

वस्तीत काम करणारी मंडळं, बुद्धविहारांच्या समित्या, गुरुद्वारे, चर्च, मुस्लीम जमाती, सिंधी पंचायती, छत्तीसगडी समाजाच्या संघटना, कामगार युनियन यांच्याकडे मदत मागायला लोक येतात तेव्हा सगळा जोर खोली शोधण्यावर जातो. खोली तर लागतेच. पण कुटुंबाच्या स्वतःच्या नावावर पत्त्याचा कागद झाला का, यावर पुढचं सगळं अवलंबून असतं. या लेखातली प्रत्येक पायरी त्याच कसोटीवर तपासून लिहिली आहे.

कुटुंब कोणत्या कायद्याखाली येतं हे आधी ठरवा

पहिल्याच भेटीत हे विचारून घ्यावं, कारण पुढचे कागद त्यावरून बदलतात.

भारतीय नागरिक असलेलं कुटुंब कोणत्याही राज्यातून आलेलं असो, त्याला नागपुरात राहायला कोणाची परवानगी लागत नाही. राज्यघटनेच्या कलम १९ ने देशात कुठेही राहण्याचा आणि स्थायिक होण्याचा हक्क दिला आहे. ‘बाहेरच्यांना इथे राहायचं तर पोलिसांचा परवाना लागतो’ असं सांगून पैसे उकळणारे दलाल आहेत. असा परवाना नसतो.

पाकिस्तानातून आलेली सिंधी हिंदू आणि शीख कुटुंबं नागपुरात फाळणीपासून आहेत. जरीपटका आणि खामला इथल्या वसाहती त्यातूनच उभ्या राहिल्या. अलीकडे आलेली कुटुंबं दीर्घ मुदतीच्या व्हिसावर, म्हणजे एलटीव्हीवर राहतात. पाकिस्तान, अफगाणिस्तान आणि बांगलादेशातून आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिस्ती एलटीव्हीधारकांना परकीय चलन व्यवस्थापन कायद्याखालच्या नियमांनुसार राहण्यासाठी एक घर आणि स्वयंरोजगारासाठी एक जागा विकत घेता येते. त्याला अटी आहेत. पैसा कुठून आला आणि आपण एलटीव्हीवर आहोत, याचं घोषणापत्र जिल्ह्याच्या महसूल यंत्रणेला द्यावं लागतं. खरेदीखतात राष्ट्रीयत्व आणि एलटीव्हीचा उल्लेख लागतो. खताची प्रत परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाला आणि केंद्रीय गृह मंत्रालयाला जाते. छावणी भागात आणि संरक्षित क्षेत्रात घर घेता येत नाही, म्हणून कामठीच्या बाजूला बघत असाल तर जागा कॅन्टोन्मेंटच्या हद्दीत येते का ते आधी तपासा. नागरिकत्व मिळण्याआधी ते घर विकायचं झालं तर पूर्वपरवानगी लागते.

एलटीव्हीची मुदतवाढ वेळेत टाकणं हे या कुटुंबांसाठी घराइतकंच महत्त्वाचं काम आहे. व्हिसा संपला की करार, बँक खातं, आधार सगळं लटकतं. घरातल्या प्रत्येकाची तारीख वेगळी असू शकते. संस्थेच्या वहीत सगळ्यांच्या तारखा लिहून ठेवा आणि तीन महिने आधी आठवण द्या. नागरिकत्व सुधारणा कायद्याचे नियम ११ मार्च २०२४ ला लागू झाले. त्यातली भारतात प्रवेशाची अट ३१ डिसेंबर २०१४ आहे. त्यानंतर आलेल्यांसाठी मार्ग वेगळा आणि लांब असतो, त्यांना खोटी आशा लावू नका.

तिबेटी कुटुंबांकडे नोंदणी प्रमाणपत्र असतं. विदर्भात त्यांची वसाहत गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगाव तालुक्यात नोर्ग्येलिंग इथे १९७२ पासून आहे. हिवाळ्यात स्वेटर विकायला नागपुरात येणाऱ्यांना तीन-चार महिन्यांची खोली लागते, आणि एवढ्या थोड्या मुदतीचा करारही नोंदवता येतो. भारताने १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, त्यामुळे इतर निर्वासितांकडचं संयुक्त राष्ट्रांचं कार्ड व्हिसाची जागा घेत नाही.

परदेशी नागरिकाला घर देणाऱ्या मालकाने तो राहायला आल्यापासून २४ तासांच्या आत ऑनलाइन माहिती द्यायची असते. लोक याला सी-फॉर्म म्हणून ओळखतात. हे मालकाचं काम आहे, पण त्याला माहीतच नसतं. तुम्ही शेजारी बसून भरून द्या. ज्यांच्याकडे कोणताच वैध कागद नाही, त्यांना आधी वकिलाकडे किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे न्या. खोटा आधार किंवा दुसऱ्याच्या नावावर खोली असले उपाय कोणी सुचवले तर तिथेच थांबवा. कुटुंब तुरुंगात जातं, आणि मदत करणारी संस्था पुढच्या पन्नास कुटुंबांच्या उपयोगाची राहत नाही.

परवडणारा किराया कसा काढायचा

रोजंदारीसाठी मजुरांच्या ठिय्यावर उभ्या राहणाऱ्या माणसाचं उत्पन्न महिन्याला २६ दिवसांनी काढू नका. पावसाळा, आजारपण, काम न मिळालेले दिवस धरून १८ ते २० दिवस धरा. रोजी ५०० असेल तर महिन्याचे ९,००० ते १०,००० होतात. किराया, वीज आणि पाणी मिळून याच्या एक तृतीयांशापेक्षा वर जायला लागलं की तिसऱ्या महिन्यात थकबाकी सुरू होते. दोघं कमावते असतील तर दुसऱ्याचं उत्पन्न अर्धंच धरा. बाळंतपण, लहान मूल, गावाकडचं आजारपण यात पहिलं काम बाईचं सुटतं.

जाण्यायेण्याचा खर्च किरायातच मिळवा. बेसा-पिपळ्याकडे खोली ८०० रुपयांनी स्वस्त मिळाली आणि काम कळमना बाजारात असेल, तर ऑटोत त्याहून जास्त जातात. हमालांना तर पहाटे पोचायचं असतं, तेव्हा बसही नसते.

खोली बघताना

भर दुपारी बघा. शक्य असेल तर एप्रिल-मे महिन्यात. नागपूरचा पारा ४५ च्या वर जातो, आणि उघड्या टिनाखालची खोली दुपारी दोन वाजता लहान मुलासाठी धोक्याची असते. टिनाचीच खोली घ्यावी लागली तर मालकाकडून दोन गोष्टी करून घ्या: टिनावर बाहेरून चुन्याचा जाड पांढरा थर, आणि समोरासमोर दोन झरोके. एकाच बाजूला खिडकी असेल तर कूलर फक्त दमटपणा वाढवतो. कूलर लावू देणार का आणि त्याचे महिन्याला वेगळे पैसे घेणार का, हे आधीच विचारा. उन्हाळा लागला की यावरूनच सर्वात जास्त भांडणं होतात.

राष्ट्रीय इमारत संहितेत राहण्याच्या खोलीचं किमान क्षेत्रफळ ९.५ चौरस मीटर सांगितलं आहे, म्हणजे साधारण १० बाय १० फूट. एवढ्या खोलीत चारपेक्षा जास्त माणसं ठेवू नका. एका संडासामागे तीन कुटुंबं ही वरची मर्यादा धरा, आणि संडासाला आतून कडी आहे का, रात्री तिथे दिवा लागतो का ते पाहा. एकट्या बाईसाठी खोली बघताना हा मुद्दा किरायाच्याही आधी येतो.

पाण्याचं विचारताना ‘नळ आहे का’ एवढ्यावर थांबू नका. किती वाजता येतो, किती वेळ येतो, किती घरांत वाटला जातो, मे महिन्यात काय होतं, हे शेजारच्या बाईला विचारा. मालक सांगेल ते आणि ती सांगेल ते वेगळं निघतं. बाहेरच्या लेआउटमध्ये टँकरवर भागतं, आणि टँकर आला तेव्हा कामावर असलेल्या कुटुंबाला पाणी मिळत नाही.

नाल्याकाठची खोली स्वस्त का असते ते पावसाळ्यात कळतं. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांमध्ये पाणी शिरलं. नाग नदी, पिली नदी किंवा मोठ्या नाल्याजवळची खोली असेल तर भिंतीवरची ओलीची जुनी रेघ शोधा आणि तिच्याखाली राहू नका.

वीज ही गुपचूप जाणारी रक्कम आहे. महावितरणचा घरगुती दर टप्प्यांचा आहे: १०० युनिटपर्यंत कमी, त्यापुढे ३०० पर्यंत जास्त, आणि वर आणखी. एका मीटरवर सहा खोल्या असल्या की सगळ्यांचे युनिट एकत्र मोजले जाऊन महागड्या टप्प्यात जातात. पंखा आणि एक दिवा वापरणाऱ्या कुटुंबालाही तोच दर लागतो. स्वतंत्र मीटर सर्वात चांगलं. सबमीटर असेल तर खोलीत शिरण्याच्या दिवशीचं रीडिंग मोबाइलवर फोटो काढून मालकाला पाठवून ठेवा, आणि दर महिन्याला मूळ बिल दाखवण्याची अट करारात घाला.

मालकाशी बोलणी

मालक ‘बाहेरच्यांना देत नाही’ म्हणतो तेव्हा त्यामागे सहसा तीन भीती असतात: खोली सोडणार नाहीत, पैसे बुडवतील, पोलिसांचं लचांड लागेल. तिन्हींवर उत्तर आहे. पहिलीवर नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स (ठरावीक मुदतीपुरता राहायच्या परवानगीचा करार), दुसरीवर पुढे सांगितलेला अनामत निधी, तिसरीवर पोलिसांना वेळेत दिलेली माहिती.

जात, धर्म किंवा खाण्यापिण्यावरून नाकारणारे मालकही आहेत, आणि कमी नाहीत. तिथे कुटुंबाची ओळख लपवून खोली मिळवू नका. महिनाभरात कळतं, आणि अपमान होऊन बाहेर पडावं लागतं. त्यापेक्षा भेदभाव न करणाऱ्या मालकांची यादी जपा, त्यांच्या खोल्या रिकाम्या राहू देऊ नका, त्यांच्याकडे किराया वेळेवर जाईल याची काळजी घ्या. अशी वीस घरं हाताशी असलेली संस्था शंभर अर्ज लिहिणाऱ्या संस्थेपेक्षा जास्त कुटुंबं बसवते.

आणि दलालीपासून दूर राहा. संस्थेतल्या कोणीही खोली दाखवण्याचे पैसे घेतले, दोनशे रुपये का असेनात, की विश्वास गेला. तो पुन्हा मिळत नाही.

करार

अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही, हा समज महाराष्ट्रात चुकीचा आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चं कलम ५५ सांगतं की लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, मुदत कितीही असो. नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. नोंदवला नाही तर वाद झाल्यावर अटींबद्दल किरायेदार सांगेल ते खरं धरलं जातं, आणि मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. हे मालकाला शांतपणे, कागद दाखवून सांगा. धमकीच्या सुरात सांगितलंत तर तो खोलीच देणार नाही.

कोर्टाच्या बाहेर स्टँपवर नोटरी करून मिळणारा कागद स्वस्त वाटतो. खर्चातला खरा फरक बघा. किराया ४,०००, अनामत ८,०००, मुदत ११ महिने असं धरा. किरायाचे ४४,००० होतात. परत मिळणाऱ्या अनामतीवर वर्षाला १० टक्के व्याज धरून ११ महिन्यांचे सुमारे ७३३. एकूण ४४,७३३ वर ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क, म्हणजे गणिताने ११२ रुपयांच्या आसपास. अंतिम रक्कम पोर्टल दाखवेल तीच भरायची. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये, ग्रामीण भागात ५००. वर दस्त हाताळणी शुल्क आणि सेवा देणाऱ्याचं मानधन. हा खर्च मालक आणि किरायेदाराने निम्मा-निम्मा वाटून घ्यावा. २४ महिन्यांचा करार केला तर नोंदणी फी एकदाच लागते, म्हणून टिकणाऱ्या कुटुंबासाठी तोच घ्या.

नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ऑनलाइन पद्धतीत मालक, किरायेदार आणि दोन साक्षीदार यांचे आधार क्रमांक आणि अंगठ्याचे ठसे लागतात. इथेच गाडं अडतं. सिमेंट, विटा आणि चुन्यात काम करणाऱ्यांच्या बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात, आणि मशीन ठसा घेत नाही. आदल्या दोन रात्री हाताला तेल किंवा व्हॅसलिन लावायला सांगा. त्या दिवशी कामावर जाण्याआधी, सकाळी वेळ घ्या. दहाही बोटं करून बघा. तरी जमलं नाही तर दुय्यम निबंधक कार्यालयात प्रत्यक्ष नोंदणी करा. आधारवरचं नाव आणि करारातलं नाव अक्षरशः सारखं असू द्या. ‘साहू’ आणि ‘शाहू’ एवढ्या फरकावर पुढे बँक कागद परत करते.

करारात या गोष्टी असाव्यात: पती-पत्नी दोघांची नावं, खोलीचा पूर्ण पत्ता, घर क्रमांक आणि जवळच्या खुणेसह, किराया खात्यावर किंवा यूपीआयने, रोख दिला तर सहीची पावती, अनामत खोली सोडल्यापासून १५ दिवसांत परत, पाणी आणि वीज कोणत्याही वादात तोडायची नाही. शेवटची अट लिहूनच घ्या. भाडे नियंत्रण कायद्याचं कलम २९ भाडेकरूच्या अत्यावश्यक सेवा तोडायला मनाई करतं, पण लिव्ह अँड लायसन्सवाल्याला त्याचा आधार मिळेलच असं गृहीत धरू नका.

आणखी एक अट नागपूरसाठी खास लागते. बालाघाट-शिवनीकडची कुटुंबं जून-जुलैत पेरणीला गावी जातात, पुन्हा कापणीला जातात. सहा आठवडे कुलूप दिसलं की मालक दुसऱ्याला खोली देतो आणि सामान ओसरीवर ठेवतो. ‘वर्षात दोन महिन्यांपर्यंत खोली बंद राहिली तरी किराया भरला असेल तोवर करार चालू’ असं लिहा. काही मालक बंद महिन्याचा अर्धा किराया घ्यायला तयार होतात, विचारून बघा.

किरायेदाराला मात्र एक गोष्ट स्पष्ट सांगा: मुदत संपली की लिव्ह अँड लायसन्समध्ये थांबता येत नाही. कलम २४ खाली मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊ शकतो, आणि जास्त थांबलेल्या दिवसांचा दुप्पट किराया लागू शकतो. करार मराठीत असेल तर सही करण्याआधी पूर्ण हिंदीत किंवा छत्तीसगडीत वाचून दाखवा. बाईलाही बसवा, कारण दिवसभर घरी मालकाशी गाठ तिचीच पडते.

पोलिसांना माहिती

किरायेदाराची माहिती पोलीस ठाण्याला देण्याचे आदेश पोलीस आयुक्तालय काढतं, आणि ते मोडल्यास मालकावर गुन्हा नोंदतो. महाराष्ट्र पोलिसांच्या सिटिझन पोर्टलवर हा अर्ज भरता येतो. ही माहिती देणं आहे, परवानगी मागणं नव्हे. अर्जाची पोचपावती छापून एक प्रत मालकाकडे, एक कुटुंबाकडे ठेवा. ठाण्यात या कामाचे पैसे कोणी मागितले तर देऊ नका, पावती मागा.

अनामत निधी

किराया भरता येतो, पण सुरुवातीची दोन महिन्यांची अनामत एकरकमी जमत नाही. मग कुटुंब सावकाराकडे जातं, किंवा ठेकेदाराकडून उचल घेऊन बांधलं जातं. संस्थेचा फिरता निधी इथे सर्वात जास्त उपयोगी पडतो.

वीस कुटुंबांना प्रत्येकी ८,००० धरले तर १,६०,००० लागतात. कुटुंबाने महिन्याला ५०० परत केले तर १६ महिन्यांत रक्कम फिटते आणि पुढच्या कुटुंबाला जाते. निधीतला दहावा भाग राखीव ठेवा. अपघात, मृत्यू, मालकाने अनामत बुडवणं असल्या प्रसंगी तो उपयोगी येतो. पैसे कुटुंबाच्या हातात रोख न देता थेट मालकाच्या खात्यात टाका, आणि व्यवहाराच्या टिपणीत कुटुंबाचं नाव लिहा. व्याज घेऊ नका. व्याज घेतलं की तुम्ही सावकारी कायद्याच्या कक्षेत जाऊ शकता.

निधी देणगीतून उभा करा. कुटुंबांकडून ‘पुढे घर देऊ’ म्हणून ठेवी गोळा करणं पूर्णपणे टाळा. ठेवीदारांच्या हिताचा महाराष्ट्राचा १९९९ चा कायदा आणि अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घालणारा २०१९ चा केंद्राचा कायदा, दोन्हींत हे गंभीर गुन्हे आहेत. हेतू चांगला होता याचा उपयोग होत नाही. बचत करायचीच असेल तर १० ते २० बायांचा बचत गट करून बँकेत गटाचं खातं काढा, तिथे पैसा त्यांचाच राहतो.

संस्था नोंदवलेली नसेल तर किमान सात जणांनी १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली धर्मादाय कार्यालयात नोंदणी करा. परदेशातून देणगी घ्यायची तर एफसीआरए नोंदणीशिवाय एक रुपयाही घेऊ नका, मग देणारा नातेवाईक का असेना.

काही संस्था दहा-बारा खोल्यांची पूर्ण चाळ स्वतः किरायाने घेऊन पुढे कुटुंबांना देतात. यात किराया खाली आणता येतो, कारण मालकाला एकच गिऱ्हाईक आणि खात्रीची रक्कम मिळते. पण चार गोष्टी आधी ठरवा. पुढे दुसऱ्याला देण्याची मालकाची लेखी संमती करारात हवी. प्रत्येक कुटुंबाशी संस्थेचा स्वतंत्र नोंदणीकृत करार हवा, नाहीतर कुटुंबाच्या हाती पत्ता येतच नाही. दहापैकी एक खोली नेहमी रिकामी राहील असं धरून हिशेब मांडा. आणि संस्था जीएसटीत नोंदलेली असेल तर घराच्या किरायावर तिला स्वतः कर भरावा लागू शकतो, म्हणून सनदी लेखापालाला आधी विचारा.

साइटवर राहणारे कामगार

मिहान, हिंगणा किंवा शहरातल्या मोठ्या इमारतींच्या कामावर असलेल्यांना खोली शोधून देण्याआधी ठेकेदाराची जबाबदारी बघा. बांधकाम कामगारांना साइटवर किंवा जवळ मोफत तात्पुरता निवारा देण्याचं बंधन १९९६ च्या कायद्यात होतं आणि नव्या श्रमसंहितेतही आहे. झोपडीसाठी मजुरीतून कापून घेणं बेकायदा आहे. मागील १२ महिन्यांत ९० दिवस काम केलेल्या, १८ ते ६० वयाच्या कामगाराची बांधकाम कामगार कल्याण मंडळात नोंदणी करून घ्या. ९० दिवसांचं प्रमाणपत्र ठेकेदार देत नाही, ही नेहमीची अडचण. ते महापालिकेकडूनही मिळू शकतं. या नोंदणीवर पुढे मंडळाच्या घरकुल मदतीचा रस्ता उघडतो.

थंडीत साइटवरच्या बंद झोपडीत शेगडी पेटवून झोपू नका हे दर डिसेंबरला जाऊन सांगा. धुराचा विषारी वायू वास न येता मारतो.

पत्ता हातात आल्यावर पहिले दोन महिने

नोंदणीकृत करार मिळाला की कुटुंबाला एकटं सोडू नका, इथून कागदांची साखळी सुरू होते. आधारवरचा पत्ता बदला. बँक खातं इथल्या शाखेत काढा. मतदार यादीत नाव पहिल्यांदाच घालायचं असेल तर फॉर्म ६, गावाकडून इथे हलवायचं असेल तर फॉर्म ८ भरा. गावाकडचं राशनकार्ड रद्द करायची गरज नाही; एक देश एक राशनकार्ड योजनेत इथल्या दुकानातून धान्य उचलता येतं, आणि घरातल्या काहींनी गावी, काहींनी इथे, असं वाटूनही घेता येतं. गॅससाठी पाच किलोचा छोटा सिलिंडर पत्त्याच्या पुराव्याशिवाय मिळतो, तर उज्ज्वला योजनेत स्थलांतरित कुटुंबाचं स्वयंघोषणापत्र चालतं. मुलांची शाळा टीसीसाठी अडवता येत नाही. शिक्षण हक्क कायदा वयानुसार वर्गात प्रवेश द्यायला सांगतो.

एलटीव्हीवरच्या परदेशी नागरिकाला मागच्या १२ महिन्यांत १८२ दिवस भारतात राहिल्यावर आधार काढता येतं. त्याची मुदत व्हिसाला बांधलेली असते.

सगळ्या कागदांची प्लास्टिकच्या जाड फाइलमध्ये एक जोडी कुटुंबाकडे, फोटो कुटुंबाच्या मोबाइलवर. मूळ कागद संस्थेच्या कपाटात ठेवून घेऊ नका, कितीही विनंती केली तरी. कार्यकर्ता बदलतो, कपाटाची किल्ली हरवते, आणि कुटुंब पुन्हा दुसऱ्याच्या दारात उभं राहतं.

स्वतःच्या घराकडे

प्रधानमंत्री आवास योजना शहरी २.० सप्टेंबर २०२४ पासून सुरू आहे. वार्षिक उत्पन्न तीन लाखांपर्यंत असलेलं कुटुंब आर्थिक दुर्बल गटात येतं. देशात कुठेही पक्कं घर नसावं ही अट आहे, आणि अर्ज इथेच नापास होतात. गावी वडिलांच्या नावावर घरकुल असेल तर ते अर्जदाराचं आहे का, राशनकार्ड वेगळं आहे का, हे आधी नीट करून घ्या. स्वतःच्या जागेवर बांधकाम, भागीदारीतलं परवडणारं घर, परवडणारी किरायाची घरं आणि व्याज अनुदान असे चार भाग आहेत. नागपूर महानगर प्राधिकरणाने आधीच्या टप्प्यात वाठोडा, तरोडी खुर्द आणि वांजरी इथे घरं बांधली. अशा ठिकाणी घर मिळालं तरी कामाच्या जागेपासूनचं अंतर आणि महिन्याचा देखभाल खर्च हिशेबात धरा.

म्हाडाच्या सोडतीला १५ वर्षांच्या वास्तव्याचा अधिवास दाखला लागतो. आज नोंदवलेला किराया करार पंधरा वर्षांनी तिथे कामी येतो, म्हणून जुना करार कधीच फेकायचा नाही.

झोपडपट्टीत आधीपासून राहणाऱ्यांच्या मालकी पट्ट्यासाठी पहिला प्रश्न जमीन कोणाची हा आहे: महापालिकेची, नागपूर सुधार प्रन्यासची, नझूलची (सरकारी), रेल्वेची की खासगी. प्रत्येकाचं दार वेगळं. १ जानेवारी २०११ च्या आधीपासूनच्या वास्तव्याचा पुरावा मागितला जातो, म्हणून जुनी वीजबिलं, मतदार यादीची पानं, घरटॅक्सच्या पावत्या आत्ताच गोळा करा. पट्टा पती-पत्नी दोघांच्या नावावर मागा.

स्वस्त प्लॉटचा मोह सर्वात जास्त कुटुंबांना बुडवतो. दहा वर्षांची बचत स्टँप पेपरवरच्या साध्या विक्री करारात जाते आणि सातबारा दुसऱ्याच्याच नावावर निघतो. पैसे देण्याआधी सातबारा किंवा आखीव पत्रिका स्वतः काढा, विकणाऱ्याने दिलेली प्रत धरू नका. लेआउट नियमित करायच्या ५७२ किंवा १९०० लेआउटच्या यादीतला आहे असं सांगितलं तर त्या प्लॉटचं आरएल, म्हणजे नियमितीकरण पत्र मागा. लेआउटचं नाव यादीत असणं आणि तुमच्या प्लॉटचं आरएल असणं यात मोठा फरक आहे. जुन्या महसूल नोंदीत ‘झुडपी जंगल’ आहे का तेही पाहा. सर्वोच्च न्यायालयाने २२ मे २०२५ च्या निकालात झुडपी जंगल हे वनच धरलं आणि १२ डिसेंबर १९९६ च्या आधीच्या वाटपांना वेगळं संरक्षण दिलं. त्यानंतरच्या जागेवर घर बांधणं म्हणजे कधीही नोटीस.

वाद झाला तर, आणि खोली सोडताना

किराया थकायला लागला की पहिल्याच महिन्यात मालकाकडे कुटुंबासोबत जा. दोन महिने थकल्यावर गेलात तर मध्यस्थीला जागा उरत नाही. राखीव निधीतून एक महिना भरा आणि बाकीचे हप्ते दोघांच्या सहीने कागदावर घ्या. मालकाने कुलूप बदललं किंवा सामान बाहेर काढलं तर फोटो काढा, पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या, तिची पोच घ्या. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, औद्योगिक कामगार आणि वर्षाला तीन लाखांपेक्षा कमी उत्पन्न असलेल्यांना मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात जा किंवा १५१०० वर फोन करा.

खोली सोडताना मालकाच्या समोर शेवटचं मीटर रीडिंग घ्या, रिकाम्या खोलीचे भिंती आणि नळासकट फोटो काढा, किल्ली दिल्याची सही घ्या आणि अनामत परत येण्याची तारीख त्याच कागदावर लिहून घ्या. मुदतीआधी सोडत असाल तर करार रद्द झाल्याचंही लेखी घ्या. पोलीस पोर्टलवरची माहिती नव्या पत्त्याने भरा. आणि नव्या खोलीचा करार नोंदवून होईपर्यंत जुन्या पत्त्यावरचं काहीही बदलू नका; दोन पत्त्यांच्या मधल्या पंधरा दिवसांतच बँकेचं कार्ड, एलटीव्हीचं पत्र आणि शाळेची नोटीस जुन्या दारावर येऊन परत जाते.